पाठीचा फोटो

हळदीकुंकू असो की कुणाचं बारसं, फोटोसाठी मोबाईल वर झाला की आमच्या शिवणाऱ्या बाई गर्रकन पाठ करायच्या. "पाठीचा काढा, ताई. पाठीला कुनी काय म्हनत नाय." आम्हा गारखेड्यातल्या बायकांच्या फोटोंत म्हणून सगळ्यांचे दात दिसतात आणि मधोमध एक अंबाडा.

गल्लीतल्या आपल्या दुकानात ब्लाउज त्या उत्तम शिवायच्या, पण वेळेवर कधीच नाही. "फक्त हुकं राहिली," असं सांगायच्या तेव्हा कापडाला कात्रीही लागलेली नसायची.

त्यांचा चेहरा तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. एका संस्थेचे फ्लेक्स चौकाचौकांत लागायचे, त्यावर डोळ्यांना धारा लागलेल्या, पदराचं टोक तोंडात धरलेल्या बाई होत्या आणि खाली मोठ्या अक्षरांत 'निराधार'. फोटो संस्थेच्या शिवणवर्गातला. त्या दिवशी बाईंची अक्कलदाढ ठणकत होती. नवरा शेंद्र्याला कारखान्यात, चांगला धडधाकट. "आमचे मालक ते वाचून आले आन् दोन दिवस धड जेवले नाय," बाई सांगायच्या.

"फोटो काढताना तुम्हाला विचारलं नव्हतं का?"

"इचारलं की. शिलाई मशीन पुढ्यात ठेवून इचारल्यावर नाय कसं म्हनायचं?"

त्या चेहऱ्याने दुकान मात्र बुडायला आलं. लोक शिवायला कापड आणायचं सोडून घालायला जुने कपडे आणून देऊ लागले. कुणी ब्लाउज बिघडला तरी बोलायचं नाही, 'बिचारी' म्हणून निघून जायचं आणि पुढचा ब्लाउज दुसरीकडे टाकायचं. बाईंना एवढंच हवं होतं की लोकांनी त्यांना टेलर म्हणावं आणि उशीर झाला तर भांडावं. भांडायला मी होतेच, पण एका गिऱ्हाइकावर दुकान चालत नाही.

शेवटी मला सोबत घेऊन त्या संस्थेत गेल्या. पिशवीत नवा फोटो होता. गळ्यात टेप, हात मशीनवर, चेहरा सरळ समोर. बाईंनी कॅमेऱ्याकडे तोंड केलेलं मी तेवढंच पाहिलं.

तिथले सर भला माणूस. चहा मागवला, फोटो निरखला आणि म्हणाले, "छान आलाय. पण यात गरज दिसत नाही. बघणारा पुढे निघून जाईल."

"गरज भागली ना, सर. मग दिसल कशी?"

सरांनी फोटो परत बाईंपुढे सरकवला. मला त्यांचा धड रागही येईना. रडक्या फोटोच्या जिवावर इतर बायकांना मशिनी मिळत होत्या आणि बाईंनाही ते पुरतं ठाऊक होतं. चहा तसाच ठेवून त्या बशीकडे बघत बसल्या. मग मीच तोंड उघडलं. "अहो, जिवंत नवऱ्याच्या बायकोला निराधार लिहिलंत. निदान ते तरी उतरवा." सर ओशाळले आणि कबूल झाले.

फ्लेक्स उतरले. बाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि माझा ब्लाउज चक्क सांगितल्या दिवशी दिला.

पण संस्थेत काही वाया घालवायची पद्धत नाही. पावसाळा तोंडावर आलेला. सरांनी अगदी चांगल्या मनाने ते सगळे फ्लेक्स आमच्या मागच्या वस्तीत वाटून टाकले, छपरांवर ताडपत्रीऐवजी घालायला. चौकात एकट्या असलेल्या बाई आता आमच्या गच्चीवरून ओळीने रडताना दिसू लागल्या.

बाई गच्चीवर आल्या आणि कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिल्या. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

"आता कुनाला म्हनू काढा म्हनून? लेकरं भिजतील त्यांची."

दुसऱ्या दिवशी त्या घरोघर फिरल्या. "पाठ वर करून टाका, माय. पानी तेवढंच आडतं." लोकांनी ऐकलं. गच्चीवरून मग नुसते पांढरे चौकोन दिसू लागले. तरी बाईंचं मन इथे लागलं नाही. महिन्याभरात दुकान आवरून त्या शेंद्र्याला राहायला गेल्या. तिकडे त्यांना टेलर म्हणतात. फोटोत आता आमचे सगळ्यांचे दातच दिसतात आणि मला काही ते बरं वाटत नाही.

परवा माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आजारी पडल्या म्हणून वस्तीत त्यांच्या घरी गेले. पाणी प्यायला मान वर केली तर छपराच्या बांबूंमधून बाई खाली बघत होत्या. तेच डोळे, तोच तोंडातला पदर. खाली मावशींची खाट, शेजारी चूल.

"पोरं तिला वरची आत्या म्हनतात," मावशी म्हणाल्या. "लहानगं तर तिच्याकडं बघत बघतच झोपतं."

संध्याकाळी बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग आवाज जरा खाली आला. "ताई, वस्तीत आता दिसत तर नाय ना मी कुठं?"

"बाहेरून कुठेच नाही," मी म्हणाले.

बाई मोकळ्या हसल्या आणि मी घाईघाईने शेंद्र्याला शिवायला धाडलेल्या माझ्या ब्लाउजचं विचारलं.

"झालाय की," त्या म्हणाल्या. "फक्त हुकं राहिली."