पांढऱ्या पेशी सातशे

सुयशचं आणि माझं टेबल शेजारीशेजारी. शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या रेकॉर्डरूममध्ये, पेशंटला दवाखान्यातून सोडल्यावर त्याची फाईल वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, हे आमचं काम. सुयश त्यात भलताच काटेकोर, आणि मला त्याचा वैताग यायचा. चार हजारांच्या वर हव्यात त्या पांढऱ्या पेशी रिपोर्टात नऊशेपर्यंत घसरलेल्या दिसत असल्या, तरी डॉक्टरांनी तसं निदान स्वतः लिहिलेलं नसेल तर हा पठ्ठ्या कोड टाकायचा नाही. फाईल घेऊन तीन जिने चढायचा आणि डॉक्टरांच्या दाराशी उभा राहायचा. मी म्हणायचे, अरे, समोर दिसतंय की. त्याचं ठरलेलं उत्तर, नुसत्या आकड्यावरून निदान करणारे आपण कोण? नियम त्याच्याच बाजूनं होता, हे कबूल करायला मला आजही जड जातं.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला, रूपाला, स्तनाचा कर्करोग निघाला. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर आठवड्यानं, शनिवारी दुपारी, तिला ताप भरला. सकाळीच दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आला. पांढऱ्या पेशी सातशे. एवढ्या कमी पेशी आणि वर ताप, म्हणजे लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यानं शेकडो फायलींत वाचलेलं. पण दवाखान्यात जायचं का, असं रूपानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, सोमवारी डॉक्टर बघतील, तेच काय ते सांगतील. तिला तापाची गोळी दिली. रविवारी ती बोलताना अडखळायला लागली, तेव्हा रिक्षात घालून आमच्याच दवाखान्यात आणली. मंगळवारी गेली.

फाईल आमच्याकडेच आली. मी करते म्हणाले, त्यानं ऐकलं नाही. डॉक्टरांनी सगळं स्वच्छ लिहिलं होतं, काही विचारायला जावं लागलं नाही. कोड टाकून त्यानं फाईल माझ्याकडे सरकवली आणि तपासून बघायला सांगितलं. मला एक अक्षर दिसेना. इतकी वर्षं त्याची चेष्टा केली, त्याची लाज वाटली.

पुढं पैठणला त्याच्या सासूकडं, भामाबाईंकडं, मी त्याच्याबरोबर गेले. रूपाला ताप येण्याच्या दोन दिवस आधी त्या एसटीनं लेकीकडं आल्या होत्या, खोकला घेऊन. तिला हातानं भरवलं होतं. आता नातलग कुजबुजत होते की म्हातारीनंच आजार नेला, आणि भामाबाईंनी ते खरं मानून जेवण सोडलं होतं. सुयश गप्प राहिला असता, तर त्या शनिवारचं कुणालाच काही कळलं नसतं.

“माझ्या खोकल्यानंच गेली ना व लेक माझी?” त्यांनी विचारलं.

“खोकल्याचं मला ठाव नाय, मामी,” सुयश म्हणाला. “पण शनिवारी रिपोर्ट आला, तवाच मला कळलं होतं. मी तिला घरी ठेवली.”

भामाबाई त्याच्याकडं वळल्या.

“तिनं इचारलं नव्हतं का तुमाला?”

“इचारलं होतं.”