आधी त्याला बोलू दे

चाकणजवळच्या आमच्या चाळीची मालकीण आक्का. कुणाचंही म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय तिने कधी कुणाला खोलीबाहेर काढलं नाही. तक्रार आली की संध्याकाळी सगळे भाडेकरू ओट्यावर जमायचे. तक्रार करणारा तावातावाने बोलून दमला की आक्का दुसऱ्याकडे वळायची. "आता त्याला बोलू दे."

एकदा तिचीच कोंबडी गेली. पिसं एका भाडेकरूच्या दारात. तरीही ओटा भरला.

"मांजरानं खाल्ली, आक्का."

"मसाला बी मांजरानंच वाटला व्हय?"

आमची हसून पुरेवाट झाली. त्याला खोली सोडावी लागली, पण बोलून झाल्यावर.

मी बीड जिल्ह्यातून नवा आलो होतो, तेव्हा पाण्याची मोटर जाळल्याचा आळ माझ्यावर आला. साहेबासमोर नुसते हात जोडणाऱ्या बापाचा मी मुलगा. मीही नुसते हात जोडले. आक्काने चहा मागवला. "सावकाश सांग. आमाला घाई न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू विचारली. घराण्यातला पहिला पदवीधर मी नंतर झालो. मान वर करून बोलायला त्या ओट्यावर शिकलो.

शेजारच्या खोलीत रफिकुल राहायचा. पश्चिम बंगालमधला, फरशी बसवणारा, बंगाली वळणाचं हिंदी-मराठी बोलणारा. एका सकाळी पोलिसांची गाडी आली. हा बांगलादेशी आहे, आधार कार्ड खोटं आहे, असं म्हणून त्याला ओढत नेऊ लागले. आक्का गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"साहेब, आदी त्याला बोलू द्या."

"आक्का, बाजूला व्हा. वरून ऑर्डर आहे."

"वरच्यानं ह्याला पाह्यलंय का कवा? कारड खरं का खोटं, ते तुमी गाडीत बसून ठरवनार?"

"तुम्ही घरमालकीण आहात, कोर्ट नाही."

"मंग कोर्टापुढं न्या की! कोर्ट म्हनलं जा, तर मी सवता ह्याला वाटंचा डबा बांधून दीन. मी कोंबडीचोराचं ऐकून घेतलं, साहेब. तुमी तर सरकार हाय!"

त्यांनी तिला बाजूला करून रफिकुलला नेलं. ती चौकीच्या पायरीवर जाऊन बसली, मागोमाग अख्खी चाळ. कंपनीची बस सोडून पोरं आली. आम्ही वकील गाठून कोर्टात पोचेपर्यंत त्याला सीमेपलीकडे लोटून दिलं होतं. पलीकडून कुणाच्या तरी फोनवरून तो एवढंच बोलला, "आक्का, किसी ने पूछा ही नहीं."

ती रडली नाही. त्याच्या खोलीला तिने स्वतःचं कुलूप घातलं आणि त्याला परत आणा म्हणून कोर्टात सरकारविरुद्ध अर्जदार म्हणून उभी राहिली. "आमच्यात बोलून झाल्याबिगर खोली सुटत न्हाई," ती वकिलाला बजावायची. प्रत्येक तारखेला ती इस्त्रीचं लुगडं नेसून जायची.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. खटला चालूच आहे. तिच्या जागी आता अर्जदार मी.

परवा एक जण खोली विचारायला आला आणि त्या कुलपाकडे बोट दाखवून म्हणाला, "ही रिकामीच आहे ना?"

ओट्यावर भाजी निवडत बसलेली आक्काची सून मानही वर न करता म्हणाली, "रिकामी न्हाई. त्याचं ऐकायचं ऱ्हायलंय अजून."