घोडीला थंडी लागते म्हणून

"बाई, तुमच्या चिठीन माझी नोकरी घालवल्यान," सावंत म्हणाले.

मी वर्सोव्याच्या होडीतून मढच्या धक्क्यावर नुकतीच उतरले होते. सावंत समोर पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते, त्याच होडीने परत जायला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी जनावरांची डॉक्टर. ऐंशीच्या दशकात अंधेरीला माझा छोटा दवाखाना होता. कुत्री, मांजरं आणि तबेल्यातल्या म्हशी हे रोजचं काम. घोडा वर्षातून दोन-चार वेळा. मढला कर्णिक साहेबांचा बंगला होता, तो ते सिनेमावाल्यांना शूटिंगला देत. त्यांच्याकडे एक पांढरी घोडी होती, चांदणी. तीही शूटिंगला जायची. तिला सांभाळायला सावंत. हे मूळचे गिरणी कामगार. संपानंतर गिरणी बंद झाली आणि ते बंगल्यावर माळी म्हणून लागले. गावाकडे बैल सांभाळलेला माणूस म्हणून साहेबांनी घोडीही त्यांच्याच गळ्यात बांधली. वर्षभरात ती त्यांच्या पावलांचा आवाज ओळखायला लागली होती.

दहा-बारा दिवसांपूर्वी मी पहिल्यांदा तिथे गेले होते. घोडी खोकत होती. साहेबांनी मला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि घोडी अंगणात आणवली. ताप नव्हता, नाकातून थोडं पाणी. साहेब म्हणाले, "सावंत हिला रात्री बाहेर बदामाखाली बांधतो. थंडी लागली, दुसरं काय." सावंत काहीतरी बोलायला पुढे आले, साहेबांनी हातानेच थांबवलं. मी इंजेक्शन दिलं, अडुळसा-गुळाचं चाटण लिहिलं, आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ: वाऱ्यात बांधू नये, आत ठेवावी. 'आत' म्हणजे कुठे, ते बघायला मी उठलेसुद्धा नाही. होडी चुकेल म्हणून घाई होती. आजही ती ओळ आठवली की कानशिलं तापतात.

ती ओळ साहेबांनी सावंतांच्या तोंडावर धरली. घोडी आत गेली आणि खोकला वाढला. सावंतांनी दोन रात्री तिला गुपचूप बाहेर काढलं. दुसऱ्या पहाटे पकडले गेले. डॉक्टरची लेखी ऑर्डर मोडली म्हणून नोकरीवरून कमी, आणि खोकला थांबेना म्हणून मला परत बोलावणं.

"तरी तुम्ही बाहेर का काढलीत?" मी विचारलं.

"मी गिरणीत कार्डिंगात होतंय, कापूस पिंजतत त्या खात्यात. कापसाची धूळ. रविवारी बरा वाटा, सोमवारी खात्यात गेला की परत खोकलो. हिचा तसाच आसा. शूटिंगक दोन दिवस भायर गेली की बरी, तबेल्यात इली की सुरू. ह्यो खोकलो माझ्या वळखीचो आसा, बाई."

होडीवाल्याने हाक मारली. सावंतांनी ट्रंक उचलली आणि जाताना एवढंच म्हणाले, "तिका भायर काढा."

मी तरातरा बंगल्यावर गेले आणि व्हरांडा ओलांडून थेट तबेल्यात शिरले. दार उघडताच डोळ्यांतून पाणी आलं. घोड्याच्या मुतातून अमोनिया सुटतो. मोकळ्या हवेत तो उडून जातो, कोंडल्या जागेत तो छाती जाळतो. खाली गुडघाभर पेंढा होता, वरून कोरडा आणि खालून सडलेला. पायाने उकरला तर बुरशीचा पांढरा धुरळा उठला. म्हटलं, आधी खिडकी उघडू. हात लावला तर खिडकी भिंतीवर नुसती रंगवलेली.

चारही खिडक्या रंगवलेल्या होत्या. कुठल्याशा पिक्चरसाठी तिथे विलायती तबेल्याचा सेट लावला होता, प्लायवूडचा. शूटिंग संपलं, पण सेट साहेबांना आवडला म्हणून तो राहू दिला. पुढच्या शूटिंगवाल्यांना दाखवायलाही बरा. दिवाळीपासून घोडी दिवसभर त्यात असायची, आणि माझ्या चिठ्ठीनंतर रात्रीही. माणसांना फसवायला बांधलेल्या घरात एक जिवंत जनावर श्वास घेत होतं, आणि त्यावर शिक्का माझ्या चिठ्ठीचा.

चांदणीच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. श्वास सोडताना तिचं पोट दोनदा आत ओढलं जात होतं. घोड्याला धुळीचा दमा जडला की असं होतं. वेळेत हवा मिळाली तर आटोक्यात राहतो. नाही मिळाली तर फुप्फुस कायमचं जातं, आणि असा घोडा कोणी पोसत नाही.

साहेब आले ते हातात पुस्तक घेऊन. नोकरीच्या निमित्ताने ते चार वर्षं इंग्लंडमध्ये राहिले होते, तिथून आणलेलं. त्यात लिहिलं होतं की हिवाळ्यात घोडा आत ठेवावा, पेंढा काढू नये, वरून नवा घालत जावा, म्हणजे खालून ऊब येते. तिथे बर्फ पडतं हो, तिथे येत असेल ऊब. इथे मढला, समुद्राच्या दमट हवेत, त्या पेंढ्याचं कंपोस्ट झालं होतं. आणि मुंबईची थंडी ती काय? जानेवारीत चार दिवस माकडटोपी घालायची हौस भागते, एवढीच. आपल्याला स्वेटर लागतो तेव्हा कुठे घोड्याला बरं वाटायला लागतं.

"साहेब, हिला आजच बाहेर काढा."

"पण तुम्हीच लिहिलंय आत ठेवा म्हणून."

"चुकीचं लिहिलं. तबेला न बघता लिहिलं."

त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचे कोणी सिनियर आहेत का? पुरुष डॉक्टर?"

त्यावर काय बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं. पण घोडी मागे खोकत होती. मी गिळलं.

राग बाजूला ठेवून विचार करणंही भाग होतं, कारण त्यांचा एक मुद्दा खरा होता. शूटिंगमध्ये चमकावी म्हणून चांदणीच्या अंगावरचे केस कापले होते. पहाटे खाडीवरून वारा येतो, दव पडतं. उघड्यावर सोडून दिली आणि खरंच गारठली, तर दुसऱ्यांदा चुकणारी मीच. मी बंगल्याभोवती फिरले. मागच्या बाजूला होड्यांचं सामान ठेवायची जुनी पडवी होती. वर छप्पर, वाऱ्याच्या बाजूला भिंत, बाकी तीन बाजू मोकळ्या. जमीन कोरडी. मी सांगितलं, हिला इथे ठेवायचं. पेंढा नको, वाळू घाला. गवत पाण्यात भिजवून द्या, म्हणजे धूळ उडणार नाही. पहाटे पाठीवर एक घोंगडी. आठ दिवस करून बघा.

साहेबांनी रेसकोर्सवरच्या एका मित्राला फोन लावला. फोन लागेपर्यंत मी अर्धा तास ताटकळत. मित्राने दोन मिनिटांत तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं, आणि एका गिरणी कामगाराने मला सांगितलं होतं. साहेब फोन ठेवून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले.

"आम्ही ठरवलंय, तिला बाहेर ठेवू."

आम्ही! मी लगेच सावंतांचा विषय काढला. म्हटलं, त्यांचं बरोबर होतं, त्यांना परत बोलवा.

"तो विषय वेगळा. त्याने ऑर्डर मोडली."

"ऑर्डर चुकीची होती. आणि ती माझी होती."

"चुकीची असली तरी ऑर्डर होती ना, डॉक्टर. उद्या तो दुसरी मोडेल."

मी लेखी देते म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही घोडीसाठी आला आहात. संपलं बोलणं.

घोडी आठ दिवसांत निम्म्याने सुधारली. महिन्याभरात खोकला गेला. साहेब पाहुण्यांना पडवी दाखवून म्हणत की आपल्याकडच्या हवेला घोडा मोकळाच बरा, हे लोकांना कळत नाही. माझ्यासमोर म्हणत. मी कोमट चहा पीत ऐकत असे. सेट मात्र उभाच होता, आतला पेंढा तेवढा काढला.

सावंत घाटकोपरला भावाकडे राहायला गेले होते. पत्ता शोधत मी एका रविवारी गेले. तोवर त्यांना मरोळला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली होती, बारा तासांची. मी माफी मागितली. साहेबांशी झालेलं सगळं बोलणं सांगितलं. मला वाटलं, आता तरी चिडतील.

"ती आता खोकता काय?"

"नाही."

"मगे झाला," ते म्हणाले, आणि भावजयीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

त्यांचं झालं असेल. माझं नाही झालं. एका जनावराचा दम ओळखणारा माणूस बारा-बारा तास गेटवरच्या गाड्यांचे नंबर लिहीत बसला, आणि त्याला तिथे बसवणाऱ्या दोघांपैकी एक मी होते. तेव्हापासून कितीही मोठा बंगला असो, व्हरांड्यातला चहा मी नंतर घेते. आधी जनावर जिथे बांधतात तिथे जाते, आणि जो शेण काढतो त्याला विचारते की खोकला कधी येतो. मालकांना हे आवडत नाही. दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं त्यापायी गेली. जाऊ देत.