सेल्विन दूधवाल्याची अकरा मिनिटं

सेल्विन क्रॅबट्रीने इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सजवळच्या त्या चढउतारांच्या गावात एकेचाळीस वर्षं दूध घातलं, आणि गावाने त्याला एकेचाळीस वर्षं शिव्या घातल्या. दुधाला नाव ठेवायला जागा नव्हती हो! पण हा बाबा पहाटे बाटल्या ठेवता ठेवता पायरीवर, कठड्यावर, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर बोटांनी ताल धरायचा. "सेल्विन, मेल्या, झोपू दे की!" ही त्या गावाची भूपाळीच होती म्हणा ना.

तरी दोष सगळा त्याचा नव्हता. अठराव्या वर्षी, अडुसष्टच्या नोव्हेंबरात, तो आणि त्याचे दोन दोस्त मालट्रकमध्ये बसून लंडनला गेले होते, ‘क्रीम’ नावाच्या रॉक बँडचा निरोपाचा कार्यक्रम ऐकायला. तीनच माणसं, एक गिटार, एक बास, एक ड्रम, आणि आवाज असा की छप्पर राहतंय की जातंय! जेमतेम अडीच वर्षं टिकलेलं ते त्रिकूट त्या दिवशी मोडलं, आणि परतीच्या वाटेवर या पोरांनी आपलं उभं केलं. क्रीम म्हणजे साय. "आपण कसली साय, गड्या!" असं आयव्हर म्हणाला, म्हणून यांनी नाव ठेवलं ‘स्किम्ड’, म्हणजे साय काढून घेतलेलं दूध. आयव्हर पिकल्स बास वाजवायचा आणि पोटासाठी विजेची कामं करायचा. गिटारवाला क्लाइव्ह चपलाबुटांच्या दुकानात होता. स्वभावाने गरीब गाय, म्हणून पुढे सगळं त्याच्याच गळ्यात पडलं.

लंडनच्या त्या तिघांत बासवाल्याचं आणि ड्रमवाल्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं म्हणतात. बाकी काही जमो न जमो, तेवढा वारसा आमच्या या दोघांनी इमानेइतबारे चालवला.

झालं असं. सेल्विनने एकट्याने वाजवायचा अकरा मिनिटांचा ड्रमचा तुकडा बसवला होता. दिवसभर बाटल्या मोजताना डोक्यात तोच. एकाहत्तर साली मिल लेन क्लबात, रविवारी दुपारी, त्याने तो पहिल्यांदा सुरू केला. पण त्या क्लबात दोनच्या ठोक्याला बिंगो, म्हणजे आपली हाउजी. राणी आली असती तरी तिला तिकीट हातात घेऊन गुमान बसावं लागलं असतं. चौथ्या मिनिटाला आयव्हरने घड्याळ पाहिलं आणि खुशाल पुढचं गाणं सुरू केलं. सेल्विनचं डोकं फिरलं. त्याने काठी भिरकावली, ती आयव्हरच्या कानावर बसली. "तू ड्रम वाजवत नाहीस, दूध टाकतोस!" आयव्हर ओरडला. झालं! त्या दिवसापासून दोघांत अक्षर नाही.

गंमत म्हणजे वाजवणं मात्र सुटलं नाही. दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, त्या निरोपाची आठवण म्हणून, तिघं मिल लेनच्या स्टेजवर हजर. "क्लाइव्ह, त्या दूधवाल्याला सांग, फार पळतोय." "क्लाइव्ह, त्या वायरवाल्याला सांग, मागे तोच राहतोय." दोघांमध्ये हातभर अंतर, आणि निरोप क्लाइव्हच्या हाती! त्रेपन्न वर्षं!

आणि त्रेपन्न वर्षांत ती अकरा मिनिटं एकदाही पुरी झाली नाहीत. सगळ्यांत लांबची मजल सहा मिनिटांची. तीही एनिडबाईंना शिंकांची उबळ आली होती म्हणून. एनिड बॅराक्लफ, क्लबच्या कार्यक्रम सचिव, वय चौऱ्याऐंशी. दोन वाजले की बाई स्टेजवर चढून बिंगोच्या मशीनवरचं कापड काढायच्या, आणि भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

त्यात अलीकडे भिंतीवर आवाज मोजणारा तो खोका आला. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. लाल पाच सेकंद राहिला की स्टेजची वीज गुल. खोका बसवला आयव्हरनेच, किल्लीही त्याच्याच खिशात. बिंगोचं मशीनसुद्धा त्याने त्याच लाईनवर घेतलं होतं, म्हणून एनिडबाईंनी त्याला चारचौघांत झापलं होतं. "बघतो, करतो," म्हणत त्याने चार वर्षं घालवली.

या वर्षी सेल्विन चौऱ्याहत्तरचा. उजवा खांदा पार कामातून गेलेला. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई चांगली होती, पण स्पष्ट बोलली. "चहाचा कप उचलाल, मिस्टर क्रॅबट्री. काठ्या विसरा."

म्हणजे हा रविवार शेवटचा. सेल्विनने फक्त क्लाइव्हला सांगितलं. "मला एकदाच ते पुरं करायचंय रे. एकदाच. मग खांदा राहो नाहीतर जावो." "आणि कुणाला सांगू नकोस. त्या वायरवाल्याला तर मुळीच नाही. दया नकोय मला त्याची."

"छे, छे," क्लाइव्ह म्हणाला. पण ज्याने आयुष्यभर निरोपच पोचवले, त्याच्या पोटात काय राहणार!

रविवारी सेल्विनने गाणी भराभर उरकली, तरी तुकडा सुरू केला तेव्हा दोनला आठच मिनिटं उरली होती. म्हणजे पुन्हा अपुराच! समोर मटण-पाई आणि वाटाण्यांच्या बशा रिकाम्या होत होत्या, बाया बिंगोची जाड पेनं पर्सांतून काढत होत्या. एनिडबाई पहिल्या रांगेत सरसावून बसलेल्या. सेल्विनने दात आवळले आणि सुरुवात केली.

आठ मिनिटं गेली. एनिडबाई उठल्या, स्टेजवर चढल्या, मशीनवरचं कापड काढलं. तेवढ्यात आयव्हरने आपल्या बासचा आवाज शेवटच्या टोकाला नेला आणि सगळ्यांत जाड तारेवर असा काही हात मारला की ग्लास थरथरले. खोका लाल झाला. एक, दोन, तीन, चार, पाच. वीज गेली!

माइक गेला, गिटार गेली, बिंगोचं मशीन गेलं. सेल्विनला संताप आला. मेल्याने शेवटच्या दिवशीही घात केला! तो काठ्या खाली ठेवणार, तोच क्लाइव्ह कानाशी येऊन ओरडला, "अरे वेड्या, वाजव! ड्रमला कुठं वीज लागते?"

खरंच की! सेल्विन वाजवू लागला.

"आयव्हर! लाव ती वीज!" एनिडबाई कडाडल्या.

"लावतो ना बाई, बघू तर द्या काय झालंय ते." आयव्हर सावकाश उतरला, पेटी आणली, चष्मा शोधला. चष्मा कपाळावर होता.

"आकडे हाताने काढा की," कुणीतरी सुचवलं.

"माइक नाही, हा दणदणतोय, ऐकू कुणाला येणार? माझ्या कपाळाला?" एनिडबाई खेकसल्या.

ड्रमच्या मागून सेल्विनला खोका सरळ दिसत होता. आयव्हरने एक स्क्रू काढला, निरखला, परत बसवला. मग तोच स्क्रू पुन्हा काढला. किल्ली त्याच्या मागच्या खिशातून बोटभर बाहेर आलेली. वीज लावायला किल्ली पुरे होती, स्क्रूला हात लावायचं कामच नव्हतं.

सेल्विनच्या ध्यानात आलं, आणि डोळ्यांपुढचे ड्रम धुरकट झाले. खांद्यातून कळा येत होत्या, पण आता तो थांबतोय कसला! नऊ मिनिटं, दहा मिनिटं. पायऱ्या, कठडे, डब्यांची झाकणं, एकेचाळीस वर्षांच्या पहाटा त्याने त्यात ओतल्या. जिने आयुष्यभर त्याच्या नावाने खडे फोडले, ती कोपऱ्यावरची म्हातारीसुद्धा टेबलावर बोटं आपटत होती. अकराव्या मिनिटाला त्याने शेवटचा ठोका मारला आणि काठ्या मांडीवर ठेवल्या.

सगळा क्लब उठून उभा राहिला. एनिडबाई नाही उठल्या, कारण त्या आधीच उभ्या होत्या. पण टाळ्या वाजवल्या, दोनदा.

मग आयव्हरने खिशातली किल्ली काढून फिरवली आणि वीज आली. तो स्टेजवर चढला. सवयीने क्लाइव्हकडे वळला, "क्लाइव्ह, सांग त्या..." आणि थांबला. सरळ सेल्विनसमोर जाऊन उभा राहिला.

"शेवटी घाई केलीस," तो म्हणाला. "माझ्याकडे अजून दोन स्क्रू होते."

सेल्विनला हसावं की रडावं कळेना. कानावर काठी मारल्याची माफी मागायची होती, घड्याळाचं बोलायचं होतं, केवढं तरी बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"शांतता!" एनिडबाई माइकवरून गरजल्या. "बिंगो सुरू होतंय! पहिला आकडा!"

बिंगोत बोलायचं नाही म्हणजे नाही. दोघं मुकाट्याने एका बाकावर शेजारी शेजारी बसले. थोड्या वेळाने आयव्हरने तिकिटाच्या कडेला पेनने लिहिलं, ‘गुरुवारी गाडी किती वाजता आणू?’

सेल्विनने दोन्ही हात वर करून सात बोटं दाखवली.

"सेल्विन, हात खाली!" एनिडबाई ओरडल्या. "जिंकला असशील तर तसं बोल, नाहीतर गप बस!"