लाल वाळवंट आणि आमची मिरचीची पथारी

मंडळी, आज दुपारी पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानात, राखण करत बसलो होतो. तिथेच फोनवर एक पिक्चर पाहिला. दोन मित्र नशेच्या गोळ्या खाऊन गाडी घेऊन निघतात. रस्ता पाण्यासारखा हलतो, पेट्रोलपंपावरचा माणूस उंटाच्या तोंडाने बोलतो.

पहिला तास भारी आहे. दोघांची बडबड इतकी खरी की आपणच मागच्या सीटवर बसलोय असं वाटतं. नशेत दिसणाऱ्या लाल वाळवंटाचं मात्र मला काही कौतुक वाटलं नाही. तेवढं लाल आम्हाला इथे शुद्धीत दिसतं.

नंतर पिक्चर भरकटतो. भास संपत नाहीत आणि गोष्ट पुढे सरकत नाही. सगळ्यात खोटं काय वाटलं सांगू? दोघं तीन दिवस बेपत्ता आहेत, तरी घरून एकालाही फोन येत नाही. असं कुठे असतं का, म्हणून मी लिहायला घेतलं.

तेव्हा लक्षात आलं, सव्वादोन तास पिक्चर माझ्याच फोनवर चालू होता. मध्ये एकही फोन आला नाही, म्हणून पिक्चर कुठे थांबलाच नाही.

पलीकडे मिरची उलटवणाऱ्या सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मिरची लागनी का, भाऊ?"

"हा, लागनी," मी म्हटलं.

पथारीवर डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. तुमच्याकडे मिरची नसते. मग तुम्ही काय सांगता?