अण्णांच्या गेमला पंखा

मंडळी, आमच्या अण्णांचा क्रिकेटचा अंतिम सामना आज तिसऱ्यांदा अर्धवट राहिला. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून हे तीर्थरूप टीव्हीवर गेम खेळतात, आणि तुळजापूरच्या उन्हात तो कन्सोल तापून ऐन शेवटच्या षटकात बंद पडतो.

"पोरांना संस्कृत शिकवतूस, एवढं जमंना व्हय?" इति अण्णा.

मग जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढला, राउटरच्या जुन्या अडॅप्टरची वायर कापून त्याला जोडली आणि पंखा कन्सोलच्या मागं बसवला. पंखा फिरला. मी धन्य झालो. दहा मिनिटांत कन्सोल पुन्हा बंद.

चष्मा पुसून पाहिलं, तर मागच्या सगळ्या झरोक्यांवर पारदर्शक चिकटपट्टी.

"अण्णा, ही तुम्ही लावली?"

"मग? धूळ लई जाती आत. वस्तू जपावी लागती."

पट्टी सोलून काढली. अण्णा पहिल्यांदाच अंतिम सामना जिंकले. मी कौतुकाची वाट पाहत उभा होतो.

"पंखा झकास झालाय," ते म्हणाले. "आता त्याच्यावर एक पिशवी घाल, धूळ बसंल."

तुमच्या घरी अशा वेळी काय करतात? मी पिशवी शोधतोय.