जिन्याखालची बॅटरी

बाळांनो, आजोबा कशाने गेले असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मी वादळामुळे म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. पूर्ण खरं समजण्याइतके तुम्ही मोठे आहात. उद्या इन्व्हर्टरची नवी बॅटरी येईल आणि जुनी दुकानदार घेऊन जाईल. ती घरात आहे तोवर उरलेलं लिहिते.

तिच्यात पाणी घालणं हे आजोबांचं काम. दर महिन्याला कॅलेंडरवर ते 'पाणी' लिहीत आणि घातलं की खूण करीत. ते अंथरुणाला खिळल्यावर घरातलं सगळं मी हाती घेतलं. नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर गोळ्यांच्या वेळा लिहिल्या, ऑक्सिजनच्या मशीनची जाळी धुवायचे दिवस लिहिले. 'पाणी' लिहायचं राहिलं.

मे महिन्यात वादळ झालं त्या दिवशी सकाळीच वीज गेली. मशीन बॅटरीवर पंचवीस मिनिटं चाललं. रस्त्यात माड आडवे पडले होते. मालवणहून रुग्णवाहिका पोचायला पावणेदोन तास लागले. तोवर आजोबा गेले होते.

गणपतीच्या आधी वायरमनला बोलावलं. झाकणं उघडून तो म्हणाला, पाणी आटून आतल्या प्लेटी उघड्या पडल्यात, भंगारात घाला. मी म्हटलं, आधी जगते का बघ. त्याने सहाही खणांत डिस्टिल्ड वॉटर घातलं, दोन दिवस मंद चार्जिंगला लावली, बल्ब लावून चार्ज उतरवला, पुन्हा चढवला. असं तीनदा. मग मी आजोबांचं मशीन कपाटातून काढलं.

"आजये, बल्बावर कळला मा? ह्या कित्याक?"

"माका ह्येच्यावरच बघूचा आसा."

मशीन सुरू झालं. आम्ही दोघं घड्याळासमोर बसलो. मध्ये मी चहा केला, तो तसाच राहिला. पावणेदोन तास झाले तेव्हा त्याने बटणाकडे हात नेला. मी नको म्हटलं. मशीन चालतच होतं.

बंद पडल्यावर तो हळूच म्हणाला, "त्या दिवसाची बॅटरी येगळी, आजची येगळी. असो हिशोब घालू नये."

तो मला धीर देत होता. पण वेळेवर पाणी मिळालेली बॅटरी याहून कमी चालली नसती, हे त्यालाही ठाऊक होतं. मी वेळ वहीत लिहिली आणि मशीन पुसून परत कपाटात ठेवलं.

इतके हाल होऊनही या बॅटरीत अजून दोन तास दहा मिनिटं आहेत.